डावीकडे वळायचं, म्हणून हँडल उजवीकडे

वीस-पंचवीस वर्षं टू-व्हीलर चालवलेल्या कुणालाही एक साधा प्रश्न विचारून पाहा. ताशी पन्नासच्या वेगात डावीकडच्या वळणात गाडी घालायची आहे, तर हँडल सुरुवातीला कुठे फिरवता? "डावीकडे, आणखी कुठे?" असं उत्तर येईल. काही जण जरा थांबून सांगतील, "हँडल फिरवतच नाही मी, नुसतं अंग झुकवतो." दोन्ही उत्तरं अगदी मनापासून दिलेली, आणि खरी गोष्ट दोन्हींतून निसटलेली! गाडी डावीकडे वळावी म्हणून या सगळ्यांचे हात पुढचं चाक आधी किंचित उजवीकडे वळवतात. रोज, प्रत्येक वळणावर. आणि हातांच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

विमानाच्या मागे लागण्याआधी राइट बंधू अमेरिकेतल्या डेटन शहरात सायकलींचा धंदा करत. विल्बर राइटनं हाच प्रश्न डझनावारी सायकलस्वारांना विचारला होता. पहिल्या झटक्यात बरोबर उत्तर देणारा त्याला एकही भेटला नाही. वास्तविक तोवर हे उत्तर छापून येऊन कितीतरी वर्षं लोटली होती. स्कॉटलंडचा इंजिनिअर मॅक्वॉर्न रँकिन यानं १८६९ मध्येच, पायडलची सायकल नवी नवलाईची होती तेव्हा, तिच्या तोलाचं गणित मांडताना ही उलटी हालचाल नेमकी टिपली होती. पण जे हाताला येतं ते वाचायला कोण जातो?

का करतात हात असं? तळहातावर एक लांब काठी उभी करून पाहा. ती डावीकडे कलावी असं वाटत असेल तर तुम्ही काय कराल? तळवा उजवीकडे सरकवाल. बूड उजवीकडे गेलं की शेंडा आपोआप डावीकडे पडू लागतो. धावत्या मोटरसायकलचं अगदी हेच. टायर रस्त्याला टेकतात ते काठीचं बूड, आणि इंजिन, टाकी, तुम्ही, मागे बसलेलं माणूस हे सगळं वरचं वजन. पुढचं चाक जरासं उजवीकडे वळलं की टेकण्याची जागा वजनाच्या खालून उजवीकडे निघून जाते आणि गाडी डावीकडे कलते. कललेल्या गाडीचं पुढचं चाक मग स्वतःच डावीकडे वळतं, पडणं थांबतं आणि वळण सुरू होतं. हे सगळं पापणी लवण्याइतक्या वेळात! मोटरसायकलच्या जगात याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. खात्री करायची असेल तर मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात डाव्या मुठीला तळहातानं पुढे अगदी हलका दाब द्या. डावी मूठ पुढे गेली म्हणजे चाक उजवीकडे वळलं. गाडी मात्र डावीकडे झुकेल.

आणि किती झुकेल? हाही हिशेब ठरलेला आहे. ताशी ५० किलोमीटर वेग आणि ४० मीटर त्रिज्येचं वळण असेल तर सुमारे २६ अंश. त्याहून कमी झुकलात तर बाहेर फेकले जाल, जास्त झुकलात तर आत पडाल. हे २६ अंश तुम्हाला कुणी शिकवले? कुणीच नाही. तरी सतराव्या वर्षी गाडी हातात आलेलं पोर ते बिनचूक साधतं.

या झुकण्याची खरी करामत बघायची तर मागच्या सीटकडे बघा. एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, मांडीवर मूल, हातात भाजीची पिशवी. वळणावर ती बाहेर का घसरत नाही? कारण बाहेर ओढणारं बळ आणि खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण यांची मिळून जी एक तिरपी दिशा होते, नेमक्या त्याच दिशेत गाडी कललेली असते. सीटवर बसलेल्याला बाजूचा धक्का म्हणून जाणवतच नाही. आपलं वजन दहा-अकरा टक्क्यांनी वाढल्यासारखं वाटतं, एवढंच, आणि तेही सरळ सीटमध्ये, खाली. त्याच वळणावर, त्याच वेगात रिक्षात तिघं बसले असते तर कडेचा मधल्यावर आणि मधला पलीकडच्यावर रेलला असता.

आता या गाडीला तिसरं चाक लावा.

असं करायची वेळ बऱ्याच जणांवर येते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं. अपघातात पाय अधू होतो. लहानपणी पोलिओ झालेला पाय इतकी वर्षं निभावून नेतो आणि पन्नाशीनंतर दमतो. वळणावर तोल जातच नाही, तो जातो सिग्नलला थांबल्यावर. तिथे दीडशे किलोची गाडी एका पायावर पेलायची असते. म्हणून आपल्याकडे स्कूटरला मागे दोन्ही अंगांना साइड व्हील बसवून घेतात. अमेरिकेत याच गरजेतून आयुष्यभर हार्ले चालवलेली माणसं त्याच कंपनीच्या मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकवर येतात. कॅनडात क्युबेक प्रांतातल्या वाल्कूर गावच्या कंपनीनं २००७ मध्ये स्पायडर आणली, ती उलट्या रचनेची, पुढे दोन आणि मागे एक चाक. सगळ्यांची अपेक्षा एकच असते. आधार वाढला, म्हणजे चालवणं सोपं झालं. आणि इथेच या प्रकरणातलं सगळ्यात विलक्षण दृश्य घडतं.

पहिलं डावं वळण येतं. हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं डावी मूठ हळूच पुढे दाबतात. पुढचं चाक उजवीकडे वळतं. टू-व्हीलर असती तर बूड सरकलं असतं आणि ती डावीकडे कलली असती. पण ही गाडी कलूच शकत नाही, दोन्ही बाजूंनी तिला टेकू आहे. मग ती काय करते? चाक जिकडे वळवलं तिकडे जाते. म्हणजे उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेनं! हातांना कळतं की गाडी हवी तशी आली नाही. त्यांच्याकडे अशा वेळचा एकच उपाय आहे, आणखी दाबा. ते आणखी दाबतात. गाडी आणखी उजवीकडे जाते.

विचार करा, हे कुणाच्या बाबतीत घडतं? ज्याचे हात सगळ्यात तयार आहेत, त्याच्या. ज्यानं जन्मात कधी टू-व्हीलर चालवली नाही तो माणूस तीनचाकीवर बसला की हँडल डावीकडे फिरवतो आणि डावीकडे जातो, त्याला काहीच विसरायचं नसतं. मुरलेल्या स्वाराला मात्र स्वतःच्याच हातांशी झगडावं लागतं, आणि हात काय करत होते हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसतं. मला हे फार थोर वाटतं. एवढी वर्षं आपल्या अंगात एक शास्त्र मुरलेलं होतं, आणि ते आहे हे कळायला ते निरुपयोगी व्हावं लागलं.

यात एक सापळाही आहे. सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगानं चकरा मारताना सगळं सुरळीत वाटतं, कारण इतक्या कमी वेगात टू-व्हीलरही आपण जवळपास सरळसोटच वळवत असतो. जुनी सवय जागी होते ती वेग वाढल्यावर. म्हणून सराव आधी मोकळ्या मैदानात, पण हळूहळू वेग वाढवत करायचा असतो. सूत्र सोपं आहे. जिकडे जायचं त्या बाजूची मूठ ओढा, दुसरी ढकला. जोर लागतो, आणि तोही टिकवून ठेवावा लागतो. टू-व्हीलरवर बोटभर दाबानं जे व्हायचं, त्याला इथे दंड कामाला येतात.

दंडांवर आणखी एक भार येतो. मघाचंच वळण घ्या, ताशी ५० आणि त्रिज्या ४० मीटर. गाडी कलत नाही म्हटल्यावर बाहेर ओढणारं बळ आता थेट तुमच्या अंगावर येतं. ते तुमच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं असतं. सत्तर किलोच्या माणसाला कुणीतरी चौतीस-पस्तीस किलोच्या जोरानं बाजूला खेचतंय, असं समजा. साहजिकच तो हँडल घट्ट धरतो. पण हँडल ही गाडी वळवायची वस्तू आहे, लोंबकळायची नव्हे! बाहेर फेकलं जाणारं शरीर हँडललाही आपल्यासोबत ओढतं आणि गाडी वळणात डुलते. अनुभवी ट्राइकस्वार म्हणून गुडघ्यांनी टाकी आवळतो, बाहेरच्या पायावर रेटा देतो, धड आतल्या बाजूला झुकवतो आणि हात मोकळे ठेवतो. टू-व्हीलरवर गाडी झुकायची, इथे माणसाला झुकावं लागतं.

रस्ताही बदलल्यासारखा वाटतो. पाणी वाहून जावं म्हणून आपला डांबरी रस्ता मध्ये किंचित उंच आणि कडांना उतरता केलेला असतो. टू-व्हीलरवर तो उतार कधी जाणवतो का? नाही, कारण ती उतारावरही स्वतःला सरळ उभं ठेवते. तीनचाकी मात्र रस्त्यासोबत कलते. डाव्या बाजूनं चालवताना ती सतत किंचित गटाराकडे ओढ घेते आणि स्वाराला उजवीकडे हलका जोर धरून ठेवावा लागतो. पावसाळ्यात खड्ड्यांचं गणितही उलटतं. एका रेषेत धावणारी गाडी खड्ड्याच्या कडेनं काढता येते. आता तीन रेषा आहेत. डावं चाक वाचवलं तर मधलं सापडतं, मधलं वाचवलं तर उजवं. साइड व्हील लावलेल्या स्कूटरचं तर आणखी वेगळं. तिचं मूळचं मागचं चाक मध्ये तसंच असतं आणि इंजिनाची ताकद त्याच्याकडेच जाते. ते नेमकं खोलगट जागेवर आलं आणि बाजूची चाकं दोन्हीकडच्या उंचवट्यांवर टेकली, की मधल्या चाकाची पकड जाते आणि ते नुसतंच फिरतं.

आणि थांबताना पाय खाली टेकवायची सवय! ती सोडावीच लागते. मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकवर पुढे सरकताना खाली टेकलेल्या पायावर मागचं चाक चढू शकतं.

पण तीन चाकं म्हणजे भक्कमपणा, ही समजूत मुळात आली कुठून? तीन दगडांच्या चुलीवरून. तीन दगड कसेही, कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर मांडा, पातेलं डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तीन पायांची तिवई कधीच नाही. कारण तीन बिंदूंमधून नेहमी एक आणि एकच सपाट पातळी जाते. उभ्या गाडीला हे तंतोतंत लागू आहे. धावती गाडी वळली की मात्र आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे या तीन बिंदूंचा त्रिकोण.

पुढे एक, मागे दोन चाकं. टेकलेल्या जागा रेषांनी जोडा. त्रिकोण पुढे निमुळता, मागे रुंद. गाडीचं वजन जिथे एकवटलं आहे तो गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या वर कुठेतरी आहे. वळणावर बाहेरचं बळ आणि वजन मिळून जी तिरपी रेषा होते, ती या त्रिकोणाच्या आत जमिनीला टेकली तर गाडी उभी, बाहेर टेकली तर आडवी. एक उदाहरण मांडू. मागच्या दोन चाकांमध्ये १२० सेंटिमीटर अंतर आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे, आणि तो पुढच्या चाकापासून मागे जाताना लांबीच्या दोन तृतीयांशावर आहे. गाडीला चार चाकं असती तर मध्यापासून कडेपर्यंत ६० सेंटिमीटर मिळाले असते. त्रिकोणात त्या जागी फक्त ४० मिळतात. एक चाक काढलं आणि उलटण्यापासूनचं संरक्षण तिसऱ्या हिश्श्यानं घटलं!

आपल्या ४० मीटरच्या वळणावर ही गाडी ताशी ५० नं सुखरूप जाईल. आणि उलटेल कधी? अंदाजे ५८ ला. फक्त आठ किलोमीटरचा फरक! कारण बाहेर ओढणारं बळ वेगाच्या वर्गानं वाढतं. याच ५८ च्या वेगात टू-व्हीलर काय करेल? २६ ऐवजी साधारण ३४ अंश झुकेल आणि निघून जाईल. उभी असताना जी पडते ती वळणात तग धरते, आणि उभी असताना जी कधीच पडत नाही तिच्याबद्दल वळणात काळजी करावी लागते.

आता त्याच वळणात ब्रेक दाबा. वजनाचा रोख पुढे सरकतो. पुढे काय आहे? त्रिकोणाची निमुळती बाजू! म्हणून पुढे एक चाक असलेल्या गाडीला वळणाच्या आतला जोरकस ब्रेक घातक ठरू शकतो. वेग आधी कमी करायचा आणि मग वळायचं. पुढे दोन चाकं असतील तर सगळं उलट होतं, ब्रेक दाबल्यावर वजन रुंद बाजूकडे येतं. स्पायडरसारख्या गाड्यांनी दोन चाकं पुढे का घेतली, त्याचं एक मोठं कारण हे. वर तिच्यात अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, जी गाडी बिथरण्याची चिन्हं दिसताच इंजिनाची ताकद कमी करते आणि एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावते.

त्रिकोणाचं हे शास्त्र आपल्या दारासमोरून रोज धावतं. १९४६ मध्ये इटलीत पियाजिओ कंपनीची व्हेस्पा स्कूटर आली. ती घडवणारे कोरादिनो द'अस्कानियो मूळचे हेलिकॉप्टरवर काम केलेले इंजिनिअर. दोनच वर्षांनी त्याच स्कूटरच्या मागच्या बाजूला दोन चाकं आणि माल ठेवायची जागा देऊन पियाजिओनं आपे ही तीनचाकी काढली. पुढे पुण्यातल्या बजाजनं याच घराण्याच्या स्कूटर आणि रिक्षा भारतभर पोचवल्या. म्हणून रिक्षात स्टीअरिंगचं चाक नसतं, स्कूटरचं हँडल असतं! जुन्या बजाज स्कूटरवर गिअर डाव्या मुठीत, रिक्षातही डाव्या मुठीत. बसणारा तोच, मुठी त्याच, पण भौतिकशास्त्र पूर्ण वेगळं. मागच्या सीटखाली इंजिन आलं ते जागा वाचवायला तर खरंच, पण त्यानं गुरुत्वमध्यही त्रिकोणाच्या रुंद बाजूकडे ओढला जातो.

वाहनांच्या इतिहासाची सुरुवातसुद्धा याच कोड्यापासून झाली. कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ ला ज्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला तीन चाकं होती. का? पुढची दोन चाकं एकाच वेळी नीट कशी वळवायची, याचं समाधानकारक उत्तर तेव्हा त्याच्यापाशी नव्हतं. वळणात आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या, त्यामुळे दोघांचे कोन वेगवेगळे लागतात. पुढे एकच चाक ठेवलं की प्रश्नच मिटला. आणि त्याच्या काही महिने आधी, १८८५ मध्ये, गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल बनवली. लाकडी सांगाडा, लाकडी चाकं, अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन, आणि दोन्ही बाजूंना आधाराची दोन छोटी चाकं! पेट्रोलवरची पहिली मोटरसायकल साइड व्हील लावूनच जन्माला आली.

तिसरं चाक मागे किंवा पुढे न लावता फक्त एका बाजूला लावलं तर? साइडकार! माझ्या मते चाकांवरच्या वाहनांमध्ये हिच्याइतकं नवलाचं दुसरं काही नाही, कारण हिची डावी आणि उजवी बाजू सारखी वागतच नाही. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये साइडकार डावीकडे असते. इंजिनाची ताकद मोटरसायकलच्या मागच्या चाकाला मिळते, साइडकार नुसती ओढली जाते. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर पिळला की जड साइडकार मागे रेंगाळते आणि सगळी जोडी डावीकडे ओढ घेते. ब्रेक लावला की मोटरसायकल थांबू पाहते, साइडकारला पुढेच जायचं असतं, आणि जोडी उजवीकडे वळते. म्हणजे हँडल न हलवतासुद्धा ही गाडी वळते! मुरलेले चालक याचा उपयोगच करून घेतात, डाव्या वळणात जरा ताकद आणि उजव्या वळणात हलका ब्रेक.

डाव्या वळणात एक धोका असतो. बळ उजवीकडे फेकतं, उजवीकडे टेकूच नाही, आणि रिकामी साइडकार हवेत उचलली जाते. शिकाऊ माणसानं म्हणून तिच्यात वाळूची पोती ठेवायची असतात. तिचं चाक मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या जरासं पुढे बसवतात आणि त्याचं तोंड अगदी थोडं आत वळवतात. हे माप चुकलं तर सरळ रस्त्यावरही हात भरून येतात.

शर्यतीत या वाळूच्या पोत्यांची जागा माणूस घेतो. साइडकारची जागतिक अजिंक्यपद शर्यत १९४९ पासून होते, आणि त्या पहिल्या वर्षीचा विजेता इंग्लंडचा एरिक ऑलिव्हर. त्याच्या साइडकारमध्ये डेनिस जेंकिन्सन होता. तो चालवत नव्हता, हँडल त्याच्या हातात नव्हतं, तरी जगज्जेतेपद दोघांचं. डाव्या वळणाला तो डावीकडे जमिनीला घासेल इतका बाहेर झेपावायचा, उजव्या वळणाला मोटरसायकलच्या मागच्या चाकावर पालथा व्हायचा. गाडीचा गुरुत्वमध्य म्हणजे हा जिवंत माणूस! याच जेंकिन्सननं पुढे १९५५ मध्ये इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसून त्याला रस्ता सांगितला, आणि तीही शर्यत त्यांनी जिंकली.

मग कुणाच्या तरी डोक्यात येणारच होतं की तीन चाकं ठेवू आणि गाडी झुकूही देऊ. २००६ मध्ये पियाजिओची एमपी३ आली. पुढची दोन चाकं चार दांड्यांच्या चौकटीनं जोडलेली. ही चौकट ताठ नाही, कोपऱ्यांवर मुडपते. गाडी डावीकडे कलली की डावं चाक वर सरकतं, उजवं खाली, आणि दोन्ही चाकं गाडीइतकीच तिरपी होतात. टायर तिन्ही जमिनीवर! ही गाडी टू-व्हीलरसारखीच झुकते, म्हणून तिच्यावर मुरलेल्या हातांचं जुनं गुपित जसंच्या तसं चालतं, डावी मूठ पुढे दाबा, डावीकडे वळा. ओल्या रस्त्यावर पुढचं एक चाक घसरलं तरी दुसरं धरून ठेवतं. आणि सिग्नलला थांबताना एक बटण दाबलं की चौकट आहे तिथे घट्ट होते, पाय खाली न टेकता गाडी उभी! यामाहानं २०१८ मध्ये निकेन आणली, तीही अशीच झुकते, पण तिला हे कुलूप नाही, थांबल्यावर पाय टेकवावाच लागतो. म्हणजे एकाच जातीच्या दोन गाड्या, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. फ्रान्ससारख्या देशात कायद्यानं आणखी एक गंमत केली. पुढच्या चाकांमधलं अंतर ४६० मिलिमीटरची मर्यादा गाठत असेल तर अशी तीनचाकी मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते. त्यासाठी एमपी३ ची जास्त रुंद आवृत्ती निघाली आणि पॅरिसच्या रस्त्यांवर ती जिकडेतिकडे दिसू लागली.

उरला हातांचा प्रश्न. मुरलेली सवय बदलते तरी कशी? हे काम मुख्यतः डोक्याच्या मागच्या, खालच्या भागातल्या लहान मेंदूचं. संपूर्ण मेंदूच्या वजनाचा तो जेमतेम दहावा हिस्सा. पण सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पेशींची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी तब्बल ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत निघाल्या! हा भाग प्रत्येक हालचालीच्या आधी अंदाज बांधतो की मूठ एवढी दाबली तर गाडी एवढी वळेल. प्रत्यक्षात निराळं घडलं की त्या फरकावरून पुढचा अंदाज दुरुस्त करतो. ट्राइकवरच्या पहिल्या वळणात जो धसका बसतो, तो म्हणजे ही दुरुस्ती सुरू झाल्याची खूण. म्हणून घाबरून हात आखडले तर शिकणं लांबतं, आणि मोकळ्या मैदानात मोठी, सावकाश वर्तुळं दोन्ही दिशांना मारत राहिलं तर अंदाज वळणागणिक जवळ येत जातो.

आणि नवा अंदाज बसला म्हणून जुना पुसला जात नाही. माणूस दोन्ही बाळगू शकतो, आणि बसायची जागा, मुठींची रुंदी, गाडीचं वजन अशा खुणांवरून कुठला काढायचा ते ठरवू शकतो. पुण्या-मुंबईतले कितीतरी रिक्षावाले दिवसभर तीन चाकांवर असतात, रिक्षा लावतात आणि मोटरसायकल काढून घरी जातात. ट्राइकवर नव्यानं आलेल्या जुन्या स्वारालाही हेच साधतं. फक्त पहिले काही आठवडे दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवू नयेत, आणि पुन्हा टू-व्हीलरवर बसल्यावर पहिली दोन-चार वळणं रहदारीपासून लांब, जरा बेतानं घ्यावीत.